स्वादुपिंडाचा दाह आणि रक्ताची वाट

वर्धा हा दारूबंदीचा जिल्हा. येथें पोटाच्या कळेनें तळमळणारा रोगी ‘मी थेंबहि घेत नाहीं’ म्हणाला, तर डॉक्टरनें विश्वास ठेवावा काय? चोरून पिणारे सर्वत्र असतात. शंका सहज येते. परंतु वैद्यकाचा इतिहास सांगतो कीं, ती कधीं कधीं निरपराध्याच्या माथीं बसते.

जठरामागें स्वादुपिंड आहे. अन्न पचविणारा त्याचा रस आंतड्यांत पोंचण्यापूर्वींच जागृत झाला, तर तो पिंडच पचवूं लागतो. कळ पाठीपर्यंत जाते; प्रसंगीं रोगी दगावतो. बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनीं १८८९ सालीं या तीव्र दाहाचें सविस्तर वर्णन केलें. १९०१ सालीं यूजीन ओपी यांनीं पित्ताचा खडा त्याला कारण होतो, असें दाखविलें. पुढें खडे आणि मद्य हीं दोन कारणें इतक्या रोग्यांना लागू पडलीं कीं, इतरांची चौकशी मागें पडली.

वास्तविक १८६२ सालींच पानुम यांनीं कुत्र्याच्या स्वादुपिंडाच्या धमनींत मेणाचे कण सोडून पिंडांत रक्तस्राव घडविला होता. मग हें कारण दुर्मिळ कां? या पिंडाला दोन थोर धमन्यांच्या शाखा रक्त पुरवितात व त्या एकमेकींस मिळतात. एक पाट तुंबला तरी दुसऱ्यानें शेत भिजतें. परंतु रक्तदाब फार वेळ खालावला, महाधमनींतील मेदाचे कण सुटून बारीक वाहिन्यांत अडकले, किंवा कुसमाउल व मायर यांनीं १८६६ सालीं वर्णिलेला धमन्यांचा गाठाळ दाह जडला, तर पिंडाचें रक्त तुटूं शकतें.

सेवाग्रामला सुशीला नायर यांनीं १९४४ सालीं लहानसा दवाखाना काढला. त्यांतूनच कस्तुरबा रुग्णालय वाढलें आणि १९६९ सालीं तेथें वैद्यकीय महाविद्यालय निघालें. दवाखान्याच्या त्या आरंभकाळीं पोट उघडल्याखेरीज स्वादुपिंड कोणास दिसत नसे. १९७१ सालीं लंडनमध्यें संगणकीय क्ष-किरण यंत्रानें प्रथम एका रोग्याचा मेंदू तपासला गेला. पुढें पोटहि दिसूं लागलें. शिरेंत औषध टोंचून घेतलेल्या चित्रांत रक्ताची वाट कोठें अडली, हें पुष्कळदां उमगतें.

तरी चित्र विचारल्यावांचून बोलत नाहीं. खडे नाहींत, मद्य नाहीं, अन्य परिचित कारणहि नाहीं, असें ठरतांच रोग्याला पुसावें: सांधे सुजले काय, अंगावर डाग उठले काय, वजन घटलें काय? धमन्यांचा दाह असेल तर नुसत्या सलाइननें भागत नाहीं. तो शमविणारें निराळें औषध लागतें. कारण चुकलें कीं उपचार चुकतो, आणि न केलेल्या व्यसनाचा कलंक मात्र रोग्याच्या नांवावर राहतो.