दोघांनी मिळून सोडवायची कोडी

दोघांनी एका पडद्यासमोर बसून खेळायचे सुरुवातीचे व्हिडिओ गेम बहुतांशी चुरशीचे होते. १९७२ चा ‘पाँग’ हे त्याचे ठळक उदाहरण. जपानच्या ताइतो कंपनीच्या ‘बबल बॉबल’ने १९८६ मध्ये सोबतीला खरे मोल दिले. फुकिओ मित्सुजी यांच्या या खेळात दोन छोटे ड्रॅगन शत्रूंना बुडबुड्यांत कोंडतात. एकट्याने शंभरावी पातळी गाठून जिंकले, तरी खरा सुखान्त दिसत नाही. त्यासाठी जोडीदार शेवटपर्यंत टिकावा लागतो.

व्हॉल्व्हच्या ‘पोर्टल २’मध्ये (२०११) दोन यंत्रमानव प्रत्येकी दोन दारे उघडतात आणि चार दारांचा मेळ घालत वाट काढतात.

या परंपरेतला सर्वांत लोभस खेळ म्हणजे ‘स्निपरक्लिप्स’. ब्रिटनच्या एसएफबी गेम्सने केलेला हा खेळ मार्च २०१७ मध्ये निन्टेन्डो स्विचसोबतच बाजारात आला. स्निप आणि क्लिप ही कागदी पात्रे. एक दुसऱ्यावर आले की तेवढा भाग कातरता येतो. चेंडू उचलून न्यायचा, तर एकाच्या डोक्यात खोलगट खाच पाडायची. ती कुठे आणि किती, हे बोलूनच ठरते. कापणी चुकली, तर पात्र क्षणात पूर्ववत होते, म्हणून चुकांचाही आनंद घेता येतो.

स्वीडनच्या हेझलाइटचा ‘इट टेक्स टू’ (२०२१) तर एकट्याला खेळताच येत नाही. एकाने विकत घेतला, की दुसऱ्याला तो फुकट खेळता येतो. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये तोच सर्वोत्कृष्ट ठरला.