‘श्यामा’ खटला आणि शृंगारप्रसंगाची समीक्षा

मराठी कथात्म साहित्यातील शृंगारचित्रणाचा इतिहास आपण बहुधा खटल्यांचा इतिहास म्हणून सांगत आलो आहोत. त्यामुळे न्यायालयापुढचा प्रश्नच समीक्षेचाही प्रश्न होऊन बसला.

चंद्रकान्त काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. एका कवीच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया हा तिचा विषय. तिच्यावर भारतीय दंडसंहितेच्या कलम २९२ खाली खटला झाला. दंडाधिकाऱ्यांनी आरोपींना निर्दोष ठरवले; मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून लेखकाला २५ रुपये दंड केला; ऑगस्ट १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली. अश्लीलतेची कल्पना समकालीन समाजाच्या नीतिकल्पनांनुसार बदलते, हे या निकालातील सूत्र वारंवार सांगितले जाते. कथेच्या वाङ्मयीन दर्जाविषयी मात्र न्यायालयाने फारसे अनुकूल मत दिले नव्हते, याची नोंद क्वचितच होते. कथा सामान्य असली म्हणून ती गुन्हा ठरत नाही, एवढे सांगून न्यायालय थांबले. तेथून पुढचे काम समीक्षेचे होते.

ते काम कोणत्या दिशेने करता येईल, हे ‘श्यामा’च्या आधीच्या आणि नंतरच्या एकेका पुस्तकावरून दिसते. विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) या संग्रहाने प्रचंड खळबळ माजवली. वास्तविक त्यात देहवर्णनाचा सोस नाही. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या कथेत कुटुंबासाठी कमावणाऱ्या थोरल्या मुलीची कोंडी आहे. इच्छा कोणाची, हे तेथे प्रथमच स्त्रीच्या जाणिवेतून ठरते. वाचक अस्वस्थ होतो तो यामुळे. उलट, भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’त (१९६५) फारसे काही झाकलेले नाही. आचार्य अत्र्यांनी तिच्यावर कडाडून टीका केली. परंतु पोक्याच्या निवेदनातील उघडेपणा वाचकाला सुखावत नाही. नाक्यावरच्या तरुणांचे भावदारिद्र्य तो उघडे पाडतो.

म्हणजे एकीकडे संयम, दुसरीकडे बेधडकपणा, आणि दोन्ही परिणामकारक. तेव्हा ‘किती सांगितले?’ हा प्रश्न गौण ठरतो. प्रसंग कोणाच्या जाणिवेतून घडतो, त्यातील दुसरी व्यक्ती केवळ निमित्त उरते काय, आणि प्रसंगानंतर पात्रांचे परस्परसंबंध पूर्वीसारखे राहतात काय, हे खरे वाङ्मयीन प्रश्न होत. ‘श्यामा’लाही ते विचारायला हवे होते: त्या तिघी स्वतंत्र व्यक्ती आहेत, की कवीच्या आत्मशोधाच्या पायऱ्या?

सोलापुरातील पदव्युत्तर वर्गात असा उतारा आला की आम्ही अध्यापक तो ‘घरी वाचा’ म्हणून पुढे सरकतो. हे मौन सभ्य वाटते खरे. परंतु त्यामुळे विद्यार्थ्याच्या हाती श्लील-अश्लील ही एकच मोजपट्टी उरते. ती कायद्याची आहे. साहित्याची मोजपट्टी देणे हे आमचेच काम होते.