रक्ताची चिठ्ठी आणि जंतूंचे वाण

तापाच्या रक्ततपासणीची चिठ्ठी कधीच आली नाही, असे घर मोहने-आंबिवलीच्या चाळींतून विरळाच. तिच्यावर टी-ओ, टी-एच, ए-एच, बी-एच असे चार रकाने असतात. कामगार ती रजेच्या अर्जाला जोडतो आणि विसरतो. त्या रकान्यांचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

१८९६ साली मुंबईत मांडवीला प्लेग आला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये विदाल या डॉक्टराने दाखवून दिले की, विषमज्वराच्या रोग्याचे रक्तद्रव त्या रोगाच्या जंतूंत मिसळले म्हणजे जंतूंच्या गुठळ्या होतात. कारण रक्तात त्यांना ओळखणारी प्रतिद्रव्ये तयार झालेली असतात. साधन मोठे होते. पण लगेच अडचणही दिसली. आशार व बांसोद यांना त्याच वर्षी तसाच ताप आणणारा निराळा जंतू आढळला. पुढे त्याचे अ आणि ब असे भाऊबंद वेगळे ओळखले गेले, म्हणून रकाने वाढले. १९३४ साली फेलिक्स व पिट यांनी आणखी एक गोष्ट उघड केली. विषमज्वराच्याच काही वाणांवर एक पांघरूण असते, आणि त्यामुळे ‘ओ’ प्रतिद्रव्यांना ते जंतू सापडतच नाहीत.

आता जठराकडे वळू. मोहन्याचा रेयॉन कारखाना २००९ साली बंद पडला. पण पोटातील जळजळीची तक्रार सांगणारे जुने सोबती अजून भेटतात. अशा माणसाला पूर्वी सर्वत्र एकच उत्तर मिळे: तिखट सोडा, चिंता सोडा. दोष रोग्याचाच! १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे वॉरन व मार्शल यांनी जठरातील वाकडा जंतू उजेडात आणला. १९८४ साली मार्शल यांनी तो स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या जंतूला आज हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतात.

याचीही रक्ततपासणी निघाली आणि जुनीच अडचण पुन्हा उभी राहिली. हा जंतू माणसाबरोबर देशोदेशी गेला व जागोजाग बदलला. ‘कॅग-ए’ नावाचे प्रथिन काही वाणांत असते, काहींत नसते. पूर्व आशियातील त्याची घडण पश्चिमेकडील घडणीहून निराळी आहे. एका देशाच्या वाणापासून केलेली तपासणी दुसऱ्या देशाच्या रोग्यावर लावली, तर रक्तात प्रतिद्रव्ये असूनही उत्तर ‘नाही’ असे येऊ शकते. बदली कामगाराचे नाव हजेरीपटावर नाही, म्हणून तो साच्यावर उभाच नव्हता असे कोणी म्हणेल काय?

उलट चूकही होते. जंतू मेल्यावरही प्रतिद्रव्ये कित्येक महिने राहतात. तेव्हा ‘आहे’ या उत्तरावरून जंतू आज आहे, असे ठरत नाही. श्वासाची किंवा शौचाची तपासणी प्रत्यक्ष जंतूचाच माग घेते.

म्हणून रक्ततपासणी ज्या मुलखात वापरावयाची, तेथील रोग्यांवर ती आधी पारखून घ्यावी, असे जाणकारांनी ठरविले आहे. चिठ्ठीच्या भरवशावर गरिबाला दोन आठवड्यांची जहाल औषधे घ्यावी लागतात, किंवा व्रण पोटात ठेवून पाळीवर जावे लागते. तेव्हा ही तपासणी आमच्याकडील रक्तावर पारखली आहे काय, हे डॉक्टरांना नम्रपणे पण जरूर विचारावे. तो आपला हक्क आहे.