चाळीस पायांची चिप आणि आपली प्रयोगशाळा

माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून शाळेच्या प्रयोगशाळेला इलेक्ट्रॉनिक्सचे तयार बोर्ड द्यायचे घाटते आहे. ते जरूर द्यावेत. पण त्या बोर्डांच्या आधी काय होते, हेही या स्मरणिकेत नोंदवून ठेवावे असे मला वाटते.

इंटेलने ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर १९८० साली आणला. प्रोसेसर, ४ किलोबाइट प्रोग्रॅमची जागा, १२८ बाइट रॅम आणि बाहेरच्या जगाशी जोडायला ३२ पाय, हे सगळे एकाच ४० पायांच्या चिपमध्ये. त्याच घरातल्या ८७५१ वरचा प्रोग्रॅम पुसता यायचा, पण त्यासाठी चिपवरच्या क्वार्ट्झच्या खिडकीवर अतिनील दिवा वीसेक मिनिटे ठेवावा लागे. एक ओळ चुकली की पुन्हा वीस मिनिटे! अॅटमेलने फ्लॅश मेमरीचा ८९सी५१ आणला आणि ही कटकट संपली. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात बुधवार पेठेत तो सुटा मिळू लागला, आणि डिप्लोमाची पोरे तो ब्रेडबोर्डवर खोचू लागली.

जोडणी अगदी थोडी. ४० व्या पायाला ५ व्होल्ट, २० व्याला ग्राउंड. १८ आणि १९ मध्ये क्रिस्टल, त्याच्या दोन्ही टोकांपासून ग्राउंडला ३३ पिकोफॅरडचे कपॅसिटर. रीसेटच्या ९ व्या पायाला ५ व्होल्टकडून १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ग्राउंडकडे १० किलोओहमचा रेझिस्टर. ३१ वा पाय ५ व्होल्टला बांधायचा, नाहीतर चिप आपला प्रोग्रॅम सोडून बाहेरच्या मेमरीत शोधत बसण्याची शक्यता. या चिपचे पाय करंट बाहेर देण्यात कंजूष, आत घेण्यात उदार. म्हणून एलईडी ५ व्होल्टकडून रेझिस्टरमार्गे पायाला जोडत, आणि शून्य लिहिले की दिवा लागे.

क्रिस्टल ११.०५९२ मेगाहर्ट्झचे का, हा तोंडी परीक्षेतला हमखास प्रश्न. त्याला १२ ने भागा, ९,२१,६०० येतात. ३२ ने भागा, २८,८००. टायमरने ३ मोजले की बरोबर ९,६००. संगणकाशी बोलायचा तो वेग. सरळ १२ मेगाहर्ट्झ घेतले तर हा भागाकार पुरा जात नाही.

पुढे चिपा बारीक झाल्या. पायांमधले अंतर ०.८ मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी, आणि ब्रेडबोर्डच्या भोकांमधले २.५४. मग ते पाय ऐसपैस बाहेर काढून देणारे ब्रेकआउट बोर्ड आले. इटलीतल्या इव्रेया इथे २००५ मध्ये अर्डुइनो जन्मले. त्याआधी तिथेच एर्नांदो बारागान या विद्यार्थ्याने 'वायरिंग' रचले होते; त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही, हे मला खटकते.

तयार बोर्डावर मूल दिवा लावते, पण चिपला जगायला काय लागते ते बोर्डाखाली झाकलेले राहते. म्हणून माझी सूचना अशी : बोर्ड थोडे कमी घ्यावेत आणि सोबत २८ पायांच्या सुट्या एटीमेगा३२८पी चिपा घ्याव्यात. हिच्या पोटातच घड्याळ आहे, क्रिस्टलही लागत नाही. ७ आणि २० ला ५ व्होल्ट, ८ आणि २२ ला ग्राउंड, त्यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, रीसेटच्या १ ल्या पायापासून ५ व्होल्टला १० किलोओहम. प्रोग्रॅम भरायला वेगळे यंत्र नको. एका अर्डुइनोचे १०, ११, १२ आणि १३ हे पाय चिपच्या १, १७, १८ आणि १९ ला जोडले की तोच बोर्ड वर्गातल्या सगळ्या चिपा एकेक करून भरून देतो.