शार्कच्या माथी मारलेले मृत्यू

‘इंडियानापोलिस’ या अमेरिकी युद्धनौकेचे नाव निघाले की लोकांना आधी शार्क आठवतात. १९७५ च्या ‘जॉज’ चित्रपटात तिच्यावरून वाचलेला क्विंट हिशेब मांडतो: अकराशे पाण्यात पडले, ३१६ बाहेर आले, बाकीचे शार्कनी नेले. प्रसंग झकास, हिशेब साफ चुकीचा. (तारीखही चुकली आहे. तो जून म्हणतो, नौका बुडाली जुलैत.)

३० जुलै १९४५ च्या मध्यरात्रीनंतर ‘आय-५८’ या जपानी पाणबुडीचे दोन पाणतीर लागले आणि नौका फिलिपीन समुद्रात सुमारे १२ मिनिटांत बुडाली. तिच्यावर ११९५ जण होते. त्यांतले तीनेकशे तिच्यासोबतच तळाला गेले, नऊशेच्या आसपास पाण्यात पडले. वाचले ते ३१६, हा क्विंटचा आकडा मात्र बरोबर. म्हणजे पाण्यात मेले ते पावणेसहाशे ते सहाशे. शार्कच्या बळींचे अंदाज काही डझनांपासून दीडशेपर्यंत जातात. सगळ्यांत मोठा अंदाज धरला, तरी चारांतल्या तिघांचा मृत्यू शार्कच्या नावावर टाकता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, वाचलेल्यांनी हल्ले डोळ्यांनी पाहिले, ते खोटे का? मुळीच नाही. माणसे मैलोन्‌मैल विखुरली होती. एका घोळक्याने पाहिले ते दुसऱ्याला दिसले नाही. पण नौकेवरचे डॉक्टर लुईस हेन्स स्वतः चार दिवस पाण्यात होते, आणि आपण एकाही माणसावर हल्ला होताना पाहिला नाही, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. नंतर सापडलेल्या प्रेतांपैकी अनेकांचे लचके तोडलेले होते, हेही तेच सांगतात. मेलेल्याला शार्कने खाल्ले म्हणजे शार्कनेच मारले, असे होत नाही.

मारले ते तहानेने. दिवसा ऊन भाजून काढी, रात्री अंगातली ऊब पाणी ओढून घेई. पोटात गेलेले इंधनतेल ओकाऱ्या काढायला लावी. न राहवून समुद्राचे पाणी प्यालेल्यांना भास होऊ लागले: कुणाला पाण्याखाली आपली नौका दिसे, तिथले गोडे पाणी प्यायला तो खाली सूर मारी. कापोकची लाइफ जॅकेटे पाणी पिऊन जड झाली.

हे सारे चार दिवस चालले, कारण कुणी शोधायलाच आले नाही. नौका ३१ जुलैला लेते बंदरात पोचायची होती. ती आली नाही याची दखलच घेतली गेली नाही. २ ऑगस्टला नेहमीच्या गस्तीवरच्या एका विमानाला तेलाचा तवंग दिसला, तोही योगायोगाने. शार्कची कथा लोकप्रिय होण्यात हा कानाडोळा झाकला जातो, हा माझा खरा आक्षेप आहे. पुढे बंदरातल्या काही अधिकाऱ्यांवर ताशेरे ओढले गेले, पण कोर्ट-मार्शल झाले ते ‘इंडियानापोलिस’चे कप्तान मॅक्वे यांचे. नागमोडी मार्गाने नौका नेली नाही, हा दोष त्यांच्यावर ठेवला गेला. नागमोडी गेली असती तरी आपण तिला बुडवलीच असती, अशी साक्ष खुद्द ‘आय-५८’चे कप्तान हाशिमोतो यांनी त्या न्यायालयात दिली होती. मॅक्वेंनी १९६८ मध्ये आत्महत्या केली. अमेरिकी काँग्रेसने त्यांना निर्दोष ठरवणारा ठराव केला तो २००० मध्ये.