मूळ गाडी कोणती?

देवळाचा जीर्णोद्धार आणि मोटारीचा जीर्णोद्धार यांत एक मोठा फरक आहे. देऊळ जागेवर राहते. मोटारीला शीळफाट्यावरून जावे लागते.

आमच्या डोंबिवलीतले एक स्नेही वडिलांची १९७४ सालची पद्मिनी दुरुस्त करावयास निघाले आणि घरात दोन पक्ष पडले. स्नेह्यांचे म्हणणे, कारखान्यातून निघाली तशी झाली पाहिजे. चिरंजीव म्हणाले, "मग आजीला घेऊन कल्याणपर्यंत तरी जाईल का?" पंच म्हणून मला बसवले. मास्तर पडलो, इतिहास उघडला.

शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात १९५४ पासून फियाट ११०० होऊ लागली. मुंबईकरांनी तिचे 'डुक्कर फियाट' असे बारसे केले. १९६४ मध्ये 'डिलाइट' आली. पुढे इटलीचे नाव सुटले, काही काळ 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून पद्मिनी! (कंपनीचा दुसरा कारखाना आमच्याच वेशीवर होता. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या मैदानाला लोक अजून प्रीमियरच्या नावानेच ओळखतात.) गंमत पाहा, इटलीत या घडणीच्या गाडीला १२२१ सीसीचे इंजिन होते, आपल्याकडे १०८९ सीसीचे. म्हणजे आपली 'मूळ' गाडी जन्मतःच तडजोड होती. टॅक्सीवाल्यांनी पुढे डिकीत सीएनजीची टाकी बसवली आणि सामान टपावर चढवले. २० वर्षांच्या नियमाने पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. मुंबईकर हळहळले ते या बदललेल्या गाडीसाठीच.

कायद्याला मात्र असली हळहळ चालत नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नाशी ओलांडलेल्या मोटारीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळा क्रमांक मिळतो. अट अशी की चासी, सांगाडा, इंजिन यांत फेरफार नको. आणि तो क्रमांक घेतला की गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला न्यावी. रोजच्या कामाला नाही. पद्मिनी नुकतीच त्या वयात आलेली. मान घ्यायचा की मंडई गाठायची?

मी मंडईच्या बाजूने कौल दिला. इंजिन, पत्रा आणि स्टिअरिंगजवळचा हँडगिअर यांना हात लावायचा नाही. रेडिएटरला विजेचा पंखा, रेडियल टायर, पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन एवढे चालेल, कारण ते उद्या काढून पूर्ववत करता येते. काढलेला भाग चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवायचा. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. तिथे मी मूळपणाचा आग्रह साफ सोडला. आजच्या गर्दीत पुढची गाडी झटकन थांबते, आपलीही थांबली पाहिजे. पुढे डिस्क बसवा, म्हटले. स्नेही दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

एअर कंडिशनर तेवढा नाकारला. चाळीसेक अश्वशक्तीच्या इंजिनावर तो भार कशाला? पुढच्या दारांच्या त्रिकोणी काचा वळवल्या की वारा थेट अंगावर येतो. आजींनीही तेच सांगितले. शिवाय ती काच वळवायला त्या स्वतःच पुढे बसणार, हेही.