जुन्या जीन्सची उडती रिंग : घरीच शिवा, गल्लीतही खेळा

नवी मुंबई : १९७० साली सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या शेतीवर शहर उभं राहिलं. गावठाणं मात्र जागेवरच राहिली. घराला घर लागलं, गल्ल्या अरुंद झाल्या. अशा ठिकाणी प्लॅस्टिकची कडक चकती कुणाच्या तोंडावर नाहीतर खिडकीच्या काचेवर बसते आणि पोरांचा खेळ तिथंच बंद होतो. कापडी रिंग हा त्यावर सोपा उपाय आहे. ती मऊ असते आणि घरच्या सामानात होते.

उडते कशी?
हंडा किंवा माशांची पाटी डोक्यावर घेताना बायका चुंबळ ठेवतात. ही रिंगही तशीच गोल, पण चपटी. चपटी असल्यामुळे हवा तिला खालून आधार देते. वजन बाहेरच्या कडेला असल्यानं गिरकी टिकते. भोवरा फिरतो तोवर पडत नाही, तसंच हिचं.

साहित्य
जुनी जीन्स, पेन्सिलीएवढी जाड सुती दोरी (पाऊण मीटर), सुई, मजबूत दोरा, कात्री, खडू.

कृती
१. जीन्सच्या पायाचा वरचा रुंद भाग घ्या. ताट ठेवून २६ सें.मी.चा गोल आखा, त्याच्या बरोबर मध्ये १४ सें.मी.चा. दोन्ही पदर एकदम कापा, म्हणजे दोन सारख्या रिंगा मिळतात.
२. सुलट बाजू आत ठेवून बाहेरच्या कडेला १ सें.मी. आत टीप मारा. कडेला छोट्या चिरा द्या, पण टीप कापू नका. मग रिंग सुलटी करा.
३. दोन पदरांमध्ये बाहेरच्या कडेला दोरी दाबून बसवा. साधारण ७२ सें.मी. लागते, आधी लावून बघा, मगच कापा. दोरीची टोकं समोरासमोर आणून दोऱ्यानं शिवा. गाठ मारू नका, एका बाजूला वजन वाढून रिंग डगमगते.
४. दोरीला लागून आतून गोल टीप मारा. मशीन नसेल तर हातानं बारीक धावदोरा घाला.
५. आतल्या कडेलाही चिरा द्या, दोन्ही पदर १ सें.मी. आत दुमडा आणि शिवून टाका.

फेकायची कशी?
अंगठा वर, चार बोटं खाली. रिंग जमिनीला समांतर धरून मनगटाचा झटका द्या. जोरापेक्षा गिरकी महत्त्वाची. एका बाजूला कलत असेल तर पुढच्या वेळी ती बाजू थोडी उचलून फेका. रिंग फारच लुळी वाटली तर कापडाचा आणखी एक पदर घाला.

काळजी
पावसात भिजली की जड होते, फेकली तर लागते, वाळवूनच खेळा. विजेच्या तारांखाली खेळू नका. रिंग तारेवर अडकली तर काठीनं काढायला जाऊ नका, सोडून द्या. रिंग पुन्हा शिवता येते.